माझ्या लाल जीपवरचे ठिपके

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज माझ्या गाडीचं बारसं झालं. माझ्या गाडीचं, पर्यटन एजन्सीच्या नाही. अर्धं आयुष्य दुसऱ्याची जीप मिठाच्या मैदानावर हाकली, दुसऱ्याची जीप धुतली, दुसऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. आता चोपन्नाव्या वर्षी दारात लाल जीप उभी आहे आणि कागदावर नाव आहे नेमेसियो युक्रा. गाडी जुनी आहे, पण मी तरी कुठे नवा आहे.

आमच्या उयुनी गावात गाडीलाही धर्मबाप लागतो. तो मान मी फ्रुक्तुओसोला दिला, कारण चिले देशाच्या बंदरावर जाऊन ही गाडी त्यानेच शोधून आणली. आता आम्ही दोघं एकमेकांचे कंपाद्रे. कंपाद्रेवर हात उचलायचा नाही, त्याला वेडंवाकडं बोलायचं नाही, बोललो तर पाप लागतं. त्याने बॉनेटवर बिअर ओतली, चाकांवर ओतली, उरली ती स्वतःच्या घशात ओतली. मग रंगीत कागदी पट्ट्यांनी गाडी अशी गुंडाळली की नवरीने लाजावं. कार्निवलच्या या पट्ट्या रविवारपर्यंत काढायच्या नसतात, नाहीतर बरकत जाते.

माझी बायको कासिल्दा मात्र सगळा वेळ तोंड बारीक करून उभी. शेवटी म्हणाली, "आता मालक झालास ना? मग पावसाचं पाणी उतरेपर्यंत मिठावर जाऊ नको. घाई कुणाची आहे?"

"अगं, पाणी आहे तोवरच गिऱ्हाईक आहे. मिठावर साचलेल्या पाण्याच्या आरशात स्वतःला बघायला तर जग लोटतं इथे."

"सातूही असंच म्हणायचा."

सातू म्हणजे सातुर्निनो, तिचा थोरला भाऊ. एका पावसाळ्यात मिठावर वाट चुकला, गाडी रुतली, चालत निघाला आणि थंडीने गेला. वाईट झालं, मी नाही कुठे म्हणतो. पण बारशाच्या दिवशी मयताची गोष्ट काढायची म्हणजे काय? या बाईचं मला काही कळत नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पहिली फेरी. हे मिठावर बसूनच लिहितोय. पर्यटक तासभर उड्या मारत फोटो काढतात, तोवर ड्रायव्हरने काय करायचं? बाकीचे झोपतात. मी म्हटलं, मालकाने डायरी लिहावी.

पाणी घोट्याएवढं. रेडिएटरसमोर प्लास्टिक बांधलंय, खालून सगळीकडे डिझेल फवारलंय. परत गेल्यावर गोड्या पाण्याने पोटाखालून धुणार. मिठाने किती गाड्या खाल्ल्या ते मी पाहिलंय. माझी नाही खाऊ देणार.

कासिल्दा काल माहेरी, कोलचानीला जाऊन आली. तिथे मिठातून बुडबुडे फुटतात, त्या झऱ्याचं पाणी दोन मोठ्या बाटल्या भरून आणलंय. गुडघ्यांना लावायला, म्हणे. मला ठाऊक नव्हतं, तहान लागली म्हणून एक घोट घेतला आणि अंगणात थुंकलो. नुसतं खारट नाही, जिभेला चिरे पडतील असं. विचारलं, "तुझे गुडघे कधीपासून दुखायला लागले?"

"तुला काय ठाऊक असतं," म्हणाली.

सोमवार, १९ फेब्रुवारी

काल पट्ट्या काढल्या, आज गाडी पुसताना ड्रायव्हरच्या दारावर तीन ठिपके दिसले. तपकिरी, मसुराच्या डाळीएवढे. वाटलं चिखल आहे. नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली गंज.

 एजन्सीच्या इव्होनबाई वीस मार्चला सगळ्या गाड्या तपासणार आहेत. बाई बोट फिरवून बघते. वरच्या पत्र्यावर गंज दिसला की गाडी यादीतून बाद, कारण पर्यटकांच्या फोटोत गंज येतो आणि एजन्सीची अब्रू जाते. यादीतून गेलो तर मला पुन्हा कुणाच्या तरी दारात किल्ली मागायला उभं राहावं लागेल. या वयात ते जमायचं नाही. दारात उभी असलेली गाडी माझी राहणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

हे कागदी पट्ट्यांचंच काम असणार. पाऊस पडला, कागद भिजला, पत्र्याला चिकटून राहिला. बरकत राखायला गेलो आणि हात दाखवून अवलक्षण झालं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

ठिपके सुरीने खरवडले आणि बाजारात जाऊन गाडीच्या रंगाचं नेलपॉलिश घेतलं. विकणारी म्हणते, "कुठल्या बोटाला लावणार, काका?" म्हटलं, "दाराला." तिने शेजारणीला हाक मारून हे पुन्हा सांगायला लावलं. हसा लेको.

पण बसलं छान. दोन हात फिरवले, कुणाला कळणारही नाही. कासिल्दाला दाखवलं. ती जवळ येऊन बराच वेळ बघत राहिली, मग शालीच्या टोकाने तिथे हलकेच पुसलं. "गेला का हा?" म्हणाली. म्हटलं, गेला. तिचा चेहरा उतरला का फुलला, मला सांगता येणार नाही. शालीच्या काठावर पांढरे डाग होते. आजकाल कामं करताना शालीकडे लक्षच देत नाही ती.

शुक्रवार, २ मार्च

महिन्याचा पहिला शुक्रवार, सकाळी भूमातेला, पाचामामाला धूप दिला. धूर जीपभोवती फिरवताना दिसलं: नेलपॉलिशला फुगे आलेत. शिवाय डाव्या मडगार्डवर नवे ठिपके, बॉनेटच्या कडेला, आणि पलीकडच्या दारावरसुद्धा. त्या दारावरही तीनच.

पट्ट्या तर केव्हाच जाळल्या. मग हे कुठून?

गाडी एलेउतेरियोकडे नेली. पत्र्याची कामं करतो, जीभ त्याच्या कानशीसारखी. "या मालक," म्हणाला. मालक म्हणताना तो नेहमी टोपी काढतो, मला डिवचायला. ठिपक्यांवर अंगठा फिरवला. "मिठावरचा गंज खालून येतो, कडेकडेने. हा वरून आलाय. लग्नात कुणी तांदूळ उधळावेत तसा."

"मी रोज धुतो."

"कधी?"

"परत आल्यावर, संध्याकाळी."

"मग सकाळी काय पडतं गाडीवर?"

सकाळी काय पडणार? सकाळी मी आत कपडे करत असतो, कासिल्दा कुत्र्याला खायला घालते आणि गाडी अंगणात उभी असते. कुत्रं पडतं का गाडीवर? याला पैसे पत्र्याचे द्यायचे की कोड्यांचे?

तो पुढे म्हणाला, "किंवा गाडी आधीच समुद्राकाठची असेल. गंजावर रंग मारून विकली असेल. बंदरावरचे लोक बारा गावचं पाणी प्यालेले."

बंदरावरून कुणी आणली? फ्रुक्तुओसोने. घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

मंगळवार, ६ मार्च

चूक केली की बरोबर केलं, कळत नाही. सकाळी गाड्यांच्या अड्ड्यावर फ्रुक्तुओसो मक्याची गरम आपी पीत उभा होता. दहा ड्रायव्हर आजूबाजूला. मी शांतपणे विचारायचं ठरवून गेलो होतो.

"कंपाद्रे, गाडी घेताना तू नीट बघितली होतीस ना?"

"आडवा झोपून बघितली. का?"

"मग हे काय? कुणाचा गंज माझ्या गळ्यात मारलास? दलाली किती मिळाली?"

दलालीचा शब्द तोंडातून कसा गेला, माझं मलाच कळलं नाही.  फ्रुक्तुओसोने पेला खाली ठेवला. म्हणाला, "तुझ्या गाडीवर मी बिअर ओतली ती पुसून काढ. आजपासून तिला बाप नाही." आणि निघून गेला.

दिवसभर माझंच खरं असं स्वतःला सांगत होतो. संध्याकाळी ते तितकंसं खरं वाटेना.

गुरुवार, ८ मार्च

एलेउतेरियोने काम केलं. मी बाजूला बसून बघितलं. प्रत्येक ठिपका पॉलिश पेपरने घासला, पत्रा चकचकीत पांढरा दिसेपर्यंत. "एक कण राहिला तरी खालून पुन्हा उगवतो," म्हणाला. मग गंज मारायचं औषध, तासभर थांबून प्रायमर, पुन्हा घासणं, मग रंगाचे तीन पातळ हात. जाड हात एकदाच दिला तर ओघळतो, म्हणून पातळ. रंग जुळवायला त्याने बॉनेटखालचा, ऊन न लागलेला कोपरा बघितला.

जीप अशी दिसत होती की चालवायची लाज वाटावी. "कंपाद्रेला दाखवा आता," एलेउतेरियो म्हणाला. गावात काही लपत नाही.

रविवार, ११ मार्च

कासिल्दाला काय झालंय? अड्ड्यावरचं भांडण तिला शेजारणीकडून कळलं तेव्हा हातातलं पातेलं ठेवायची जागा सापडेना तिला. "त्याला का बोललास? त्याने काय केलं?" असं चारदा विचारलं.

"मग कुणी केलं?" मी म्हटलं.

ती चुलीकडे तोंड करून बसली. काल लामा जनावराचं सुकं मांस घेऊन फ्रुक्तुओसोच्या बायकोकडे गेली, मला न सांगता. भांडण माझं, गाडी माझी, हिला कसली टोचणी? माझी बाजू घ्यायची सोडून त्यांच्या घरी मांस पोचवते. नवरा-बायको म्हणून एवढी वर्षं काढूनही माणूस परकंच राहतं की काय.

बुधवार, १४ मार्च

पुन्हा आले. नव्या रंगावर नाही, नव्या जागी. ड्रायव्हरच्या दारावर जरा वर, मागच्या दारावर, डिकीच्या कडेला. जिथे जिथे दगड लागून रंगाचे टवके उडालेत, तिथेच. तीन, तीन, तीन.

एलेउतेरियो म्हणतो वरून. इव्होनबाईचा मदतनीस म्हणतो फवारतो त्या डिझेलमध्ये पाणी आहे. अड्ड्यावरचा एक म्हणतो नजर लागली, एक म्हणतो कंपाद्रेचा शाप. मिठावर मन लागत नाही, काल तर पर्यटकांना मिठातल्या बेटाची दिशा चुकीची सांगितली. डोक्याचा भुगा झालाय. सहा दिवसांत तपासणी आहे.

शुक्रवार, १६ मार्च

सापडलं. सापडल्यावर जास्तच गोंधळलोय.

सकाळी काळा चष्मा गाडीत राहिला म्हणून अर्धवट कपड्यांत अंगणात गेलो. कासिल्दा गाडीभोवती फिरत होती. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताची बोटं वाटीत बुडवायची आणि दारावर झटकायची. तीनदा. मग पुढच्या दारावर तीनदा. तोंडाने पुटपुटत होती, "हा तुझाच आहे, तुझ्याकडे येतोय, परत पाठव. हा तुझाच आहे, परत पाठव."

वाटीत झऱ्याचं पाणी.

मी म्हटलं, "कासिल्दा."

ती दचकली नाही. उरलेलं दार पूर्ण केलं, मग वाटी खाली ठेवली. "आमच्यात असंच करतात. ज्या गाडीला झऱ्याचं पाणी लागलं तिला मीठ ओळखतं. ओळखीच्याला ठेवून घेत नाही."

"अगं, पण गंज चढतोय त्याने. तुला कळत नव्हतं?"

"लोखंड गंजतं हे मला शिकवतोस? कोलचानीची आहे मी. माझ्या बापाच्या कुऱ्हाडी मीठ तोडून तोडून गंजायच्या, दरवर्षी नवी लागायची."

"मग?"

"मग काय? कुऱ्हाड मोडायची. बाप रोज घरी यायचा." मग म्हणाली, "सातू निघाला त्या सकाळी आई तापाने पडली होती. कुणी शिंपडलं नाही."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. नेलपॉलिश लावत होतो तेव्हा, एलेउतेरियोला पैसे मोजत होतो तेव्हा. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर शिंपडू दिलं असतंस?"

"आणि फ्रुक्तुओसोला मी एवढं बोललो..."

"ते तू बोललास. मी नाही बोलायला लावलं," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. "जा आता. उशीर होतोय तुला."

राग आला होता, चांगला आला होता. पण तो कुठे ठेवावा ते कळेना. तसाच गाडीत बसलो आणि शर्टाची बटणं अड्ड्यावर जाऊन लावली.

शनिवार, १७ मार्च

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. आणि चोर तरी कसा म्हणू?

कोकाची पानं आणि बिअर घेऊन फ्रुक्तुओसोकडे गेलो. त्याने आत घेतलं नाही. दारातच म्हणाला, "अड्ड्यावर बोललास, अड्ड्यावरच परत घे. तेवढ्याच मोठ्या आवाजात."

मग दोघं अड्ड्यावर गेलो. मी ओरडून सांगितलं की गाडी चांगली होती, फ्रुक्तुओसोने एक पैसा खाल्लेला नाही, गंज माझ्या घरातलाच आहे.

"घरातला म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

कासिल्दाचं नाव सांगवेना. म्हटलं, "मीच काहीतरी शिंपडत होतो." अड्डा खदाखदा हसला. "काय रे, पिऊन शिंपडत होतास?" हसू दिलं.

फ्रुक्तुओसो हसला नाही. परत येताना हळूच म्हणाला, "माझी बायकोही शिंपडते. दर वेळी मी निघताना. मी वळणापुढे जाऊन पुसतो." एवढंच बोलला, बिअर काखेत मारली आणि घरी गेला. म्हणजे याला लामाच्या मांसाबरोबरच सगळं कळलं होतं की काय? मला विचारायचं धाडस झालं नाही.

मंगळवार, २० मार्च

तपासणी. एलेउतेरियोने दोन दिवस खपून सगळे नवे ठिपके घासले, भरले, रंगवले. इव्होनबाईंनी बोट फिरवलं, दारं उघडली, खाली वाकून टॉर्च मारली. म्हणाल्या, "जुनी आहे, पण अंग स्वच्छ ठेवलंय. यादीत राहील. दर महिन्याला दाखवायची." आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

घरी येऊन कासिल्दाला सांगितलं, "पास झालो. आता ते पाणी बंद. दर महिन्याला बघणार आहेत."

"बरं," म्हणाली. वादही घातला नाही. ती वाद घालते तेव्हा मला बरं वाटतं.

गुरुवार, २२ मार्च

दोन दिवस शिंपडलं नाही. निघताना ती दारात उभी असते, हातांना काय काम द्यावं हे तिला कळत नाही. कधी शाल ओढते, कधी नुसतीच हात बघते. काल परत आलो तर बाहेर दगडावर बसलेली, दिवसभर तोंडात घास नाही. शेजारीण म्हणाली, सकाळपासून तिथेच होती. गाडी दिसली तेव्हा उठून आत गेली आणि काहीच झालं नसल्यासारखी कांदा चिरायला लागली.

मी म्हटलं, "एवढं काय?"

"काही नाही. कांदा आहे."

शनिवार, २४ मार्च

आज सकाळी कपडे करताना आतूनच ओरडलो, "अगं, वाटी कुठंय तुझी?"  थोड्या वेळाने बाहेर गेलो तर जीपभोवतीची तिची फेरी पूर्ण होत आली होती. माझ्याकडे बघितलं नाही. मी पण नाही बघितलं. जेवणाचा डबा देताना तिचा हात ओला होता.

वळण ओलांडलं, घर दिसेनासं झालं, तशी गाडी थांबवली. गोड्या पाण्याचा डबा आणि फडकं घेऊनच निघालो होतो. चारही दारं, मडगार्ड, बॉनेट, सगळं धुतलं, कोरडं पुसलं. फ्रुक्तुओसोची जीप बाजूने गेली, त्याने हॉर्न वाजवला. वाटलं, सुटला प्रश्न. तिचं मन राहिलं, माझा पत्रा राहिला.

मग पर्यटकांना घेऊन मिठाच्या काठावर आलो. परवाच्या पावसाने पाणी वाढलंय, आभाळ आणि खालचं आभाळ यांच्यात रेघ नाही. हजारदा बघितलंय हे. गियर टाकायला हात गेला आणि टाकवेना. पुसलेली गाडी. कुठल्याच मिठाच्या ओळखीची नाही. असलं काही मी मानत नाही, कधी मानलं नाही, पण पाय क्लचवरून उचलेचना. सातूच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. मागे बसलेले विचारायला लागले, काय झालं, टायर गेला का?

खाली उतरलो. वाकलो, मिठाचं पाणी बोटांवर घेतलं आणि ड्रायव्हरच्या दारावर झटकलं. तीनदा. फक्त त्या एका दारावर.

मागच्या खिडकीतून एक पर्यटक बाई हसत बघत होती. म्हणाली, "हे कशासाठी करतात?"

मी म्हटलं, "गंज धरू नये म्हणून."

तिने फोटो काढला. मी आत बसलो आणि गाडी पाण्यात घातली.